फ्लॅप म्हणजे विमानाचे ब्रेक नव्हेत

घाटकोपर-कुर्ल्याच्या छपरांवरून उतरणाऱ्या विमानाच्या पंखांमागे वळलेल्या फळ्या, म्हणजे फ्लॅप, दिसल्या, की ‘बघ, ब्रेक लावला’ हे हमखास ऐकू येतं. समज जुना, पण चुकीचा. ब्रेकच असते तर उड्डाणापूर्वी ते कोण उघडेल?

फ्लॅप मागे सरकून खाली वळले की पंखाचं क्षेत्रफळ आणि बाक दोन्ही वाढतात, म्हणून कमी वेगातही पंख वजन पेलतो. हवेचा रोधही वाढतो; किती, ते कोनावर ठरतं. बोइंग ७३७ मध्ये हा कोन ठरवणारा फ्लॅपचा लिव्हर उड्डाणाला बहुधा ५ वर, उतरताना ३० किंवा ४० वर असतो. उड्डाणाला फ्लॅप जास्त उघडले तर धावपट्टीवरची धाव कमी लागते, पण नंतरची चढण मंदावते. मे महिन्यातल्या उकाड्यात हवा विरळ होते, तेव्हा हा हिशेब आणखी काटेकोर लागतो.

उड्डाणानंतर वेग वाढेल तसे फ्लॅप टप्प्याटप्प्याने मिटतात. घाई केली तर उचल घटून विमान खाली बसू लागतं. उघडायलाच विसरले तर? २००८ मध्ये माद्रिदला स्पॅनएअरचं विमान असंच निघालं, इशाऱ्याचा भोंगाही वाजला नाही; १५४ जण गेले.

चाकं टेकल्यावर पंखाच्या वरच्या बाजूला ताडकन उभ्या राहतात त्या फळ्या वेगळ्या. ते स्पॉयलर. ते उचल मारून वजन चाकांवर टाकतात, तेव्हा कुठे चाकांचे खरे ब्रेक नीट धरतात.