शाळांच्या भागीदारीतून मिळणारे ऑनलाइन कोर्स: अमेरिकेतल्या हायस्कूलसाठी अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

मुलीला एपी (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे हायस्कूलमध्ये घेता येणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स) स्टॅटिस्टिक्स घ्यायचंय, पण तिच्या हायस्कूलमध्ये तो विषय नाही. किंवा आहे, पण नेमका ऑर्केस्ट्राच्या पिरियडला. अशा वेळी बरेच मराठी पालक ऑनलाइन संस्था शोधून थेट पैसे भरून मोकळे होतात. त्याआधी शाळेच्या गायडन्स काउन्सेलरला एक प्रश्न जरूर विचारा: आपली शाळा एखाद्या ऑनलाइन कन्सॉर्टियमची (एकत्र येऊन ऑनलाइन कोर्स चालवणाऱ्या शाळांच्या गटाची) सभासद आहे का? असेल तर कोर्सची जागा शाळेच्या वाट्यातून मिळते आणि ग्रेड शाळेच्याच ट्रान्सक्रिप्टवर (सगळ्या विषयांच्या ग्रेडच्या अधिकृत नोंदीवर) येते. अशा कोर्समध्ये संस्था शिकवते, पण प्रवेश, क्रेडिट, परीक्षा आणि तक्रार हे सगळं आपल्या शाळेतूनच जातं. अर्ज करताना हे विसरलं की पुढे एकेक गोष्ट अडत जाते.

या पद्धतीचा मूळ नमुना मॅसॅच्युसेट्सचा. १९९६ साली हडसन गावच्या पब्लिक स्कूल्सनी कॉन्कॉर्ड कन्सॉर्टियम या संस्थेबरोबर 'व्हर्च्युअल हायस्कूल' सुरू केलं. केंद्र सरकारने त्यासाठी पाच वर्षांचं, सुमारे ७४ लाख डॉलरचं अनुदान दिलं होतं. ते संपल्यावर २००१ मध्ये मेनार्ड इथे स्वतंत्र ना-नफा संस्था उभी राहिली. आज ती व्हीएचएस लर्निंग या नावाने चालते.

मूळ व्यवहार देवाणघेवाणीचा आहे. सभासद शाळा आपला एक शिक्षक देते. त्याने आधी ऑनलाइन शिकवण्याचं प्रशिक्षण पूर्ण करायचं असतं, आणि शाळेने त्याच्या टाइमटेबलमधला एक पिरियड मोकळा करायचा असतो. त्या पिरियडच्या बदल्यात तो वेगवेगळ्या गावांतल्या, राज्यांतल्या मुलांचा एक ऑनलाइन वर्ग शिकवतो. मोबदला म्हणून शाळेला त्या एका वर्गाइतक्या जागा मिळतात. सुरुवातीच्या काळात त्या २० होत्या, पुढे २५ झाल्या. या जागा एकाच विषयात भराव्या लागत नाहीत. शाळा २५ मुलांना २५ वेगळ्या विषयांना बसवू शकते. ज्या शाळेत मँडरिनला दोनच मुलं आहेत, तिला त्या दोघांसाठी शिक्षक नेमणं कधीच परवडलं नसतं. या हिशोबात ते सहज बसतं. शिक्षक न देता नुसत्या जागा विकत घेणाऱ्या शाळाही असतात.

जागा मोजक्या असल्यामुळेच शाळा अर्जांची चाळणी लावते. सहसा आधी सिनियर (बारावी), मग ज्युनियर (अकरावी), मग खालचे वर्ग. मधेच कोर्स सोडला तर ती जागा त्या सत्रापुरती वाया जाते, म्हणून कोर्स सोडण्याच्या तारखेबाबत शाळा कडक असते. तो कडकपणा रास्तच आहे.

पात्रतेत मार्कांइतकंच स्वतःहून काम करण्याच्या सवयीला वजन असतं. विषयाची पूर्वअट पूर्ण हवी: एपी कॅल्क्युलसला प्रीकॅल्क्युलस, स्पॅनिश ३ ला स्पॅनिश २. कोर्स शाळेत उपलब्ध नाही किंवा टाइमटेबलमध्ये बसत नाही, यापैकी एक कारण बहुतेक शाळा मागतात. 'शाळेतले सर कडक आहेत' हे कारण चालत नाही. आठवड्याला सहा ते आठ तास धरून चाला. एपीला त्याहून जास्त. वर्ग ठरलेल्या वेळी भरत नाही, पण हा मनाला येईल तेव्हा करायचा कोर्सही नव्हे. दर आठवड्याचा धडा, चर्चेतल्या नोंदी आणि असाइनमेंट त्याच आठवड्यात द्यावी लागते.

अर्जाची वेळ साधारण जानेवारी ते मार्च, म्हणजे पुढच्या वर्षाचे विषय निवडतानाच. प्रत्येक सभासद शाळेत एक साइट कोऑर्डिनेटर असतो. कुठे तो लायब्ररियन, कुठे काउन्सेलरच. मुलाने त्याच्याकडे कोर्सचं नाव, सत्र आणि दोन पर्यायी विषय लिहून द्यायचे. पर्याय लिहायला कंटाळू नका. एपीचे लोकप्रिय वर्ग लवकर भरतात, आणि पर्याय नसलेला अर्ज वेटिंग लिस्टवर पडून राहतो. मंजुरीनंतर नोंदणी कोऑर्डिनेटरच करतो. पालकांनी वेगळा फॉर्म भरायची गरज सहसा नसते.

कागदपत्रं थोडीच लागतात: आतापर्यंतचं ट्रान्सक्रिप्ट (काउन्सेलर काढून देतो), पूर्वअटीच्या विषयाच्या शिक्षकांची शिफारस, पालकांची सही असलेलं संमतिपत्र आणि विद्यार्थ्याने सही केलेला करार. त्यात स्वतःचं काम स्वतः करण्याची अट असते. ती मुलाबरोबर बसून वाचा. मूल शाळेत आधीच दाखल आहे, त्यामुळे या कोर्ससाठी पासपोर्ट किंवा व्हिसाचे कागद लागत नाहीत. एच-४ (एच-१बी कर्मचाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) वर असलेल्या कुटुंबांना ही शंका हमखास येते. मुलाला आयईपी किंवा ५०४ प्लॅन (अपंगत्व किंवा शिकण्यातली अडचण असलेल्या मुलांच्या सवलतींचा शाळेने केलेला आराखडा) असेल तर तो ऑनलाइन शिक्षकापर्यंत आपोआप पोचेल असं समजू नका. जास्तीचा वेळ वगैरे सवलती पहिल्या आठवड्यापासून हव्या असतील तर प्लॅनची प्रत पोचली का, हे कोऑर्डिनेटरला ऑगस्टमध्येच विचारा.

आता एपीबद्दल, कारण सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. ऑनलाइन संस्था कोर्स शिकवते, मे महिन्यातली परीक्षा घेत नाही. कॉलेज बोर्डाच्या (एपी परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या) 'माय एपी' खात्यात मुलाला दोन जॉइन कोड घालावे लागतात. एक ऑनलाइन शिक्षकाने दिलेला, वर्गाचा. दुसरा ज्या शाळेत परीक्षा द्यायची तिथल्या एपी कोऑर्डिनेटरने दिलेला, 'फक्त परीक्षा' या विभागाचा. पहिला कोड घातला की नाव यादीत दिसतं आणि घरच्यांना वाटतं काम झालं. पण दुसऱ्या कोडशिवाय पेपरची ऑर्डर जात नाही. वर्षभराच्या कोर्ससाठी ऑर्डरची मुदत नोव्हेंबरच्या मध्यात संपते. त्यानंतर मागवल्यास प्रत्येक पेपरला ४० डॉलर जादा. फक्त दुसऱ्या सत्रातल्या कोर्सना मार्चपर्यंत मुदत असते. आपल्या शाळेत तो विषय शिकवला जात नसेल तर परीक्षा तिथे होईल का, हे सप्टेंबरमध्येच विचारा. शाळा नाही म्हणाली तर शेजारच्या गावातल्या शाळेत सोय शोधायला दोन महिने हाताशी राहतात. परीक्षेत सवलत हवी असेल तर कॉलेज बोर्डाची मंजुरी वेगळी लागते आणि तिला सात आठवडे लागू शकतात. शाळेतला ५०४ प्लॅन तेवढ्याने पुरत नाही.

एपी बायॉलॉजी आणि केमिस्ट्रीत प्रयोगांचाही प्रश्न असतो. ते घरच्या किटवर होणार, सिम्युलेशनवर, की शाळेच्या प्रयोगशाळेत, आणि तिथे देखरेख कोण करणार, हे नोंदणीआधी ठरवून घ्या. मूल कॉलेजात एनसीएएच्या (कॉलेजांमधल्या खेळांचं नियमन करणाऱ्या संस्थेच्या) डिव्हिजन १ किंवा २ मध्ये खेळायचा विचार करत असेल तर तो कोर्स एनसीएएच्या मान्य यादीत आहे का, तेही काउन्सेलरकडून पाहून घ्या. तिथे इंग्रजी, गणित अशा मुख्य विषयांचे १६ कोअर कोर्स लागतात, आणि ऑनलाइन कोर्समध्ये शिक्षकाशी नियमित संपर्क असणं ही अट आहे.

कोर्स सुरू झाल्यावर पहिले दोन आठवडे निर्णायक. शाळेच्या नेटवर्कवर एखादा व्हिडिओ किंवा चर्चेचं पान ब्लॉक असतं, मूल ते कुणाला सांगत नाही आणि दोन असाइनमेंट शून्यावर जातात. कोर्स सोडायची विनादंड मुदतही बहुधा याच सुमारास संपते; पुढे सोडल्यास ट्रान्सक्रिप्टवर नोंद राहू शकते. घरी बसून लॉगिन करून सगळी पानं उघडून पाहा, मग तेच शाळेच्या लॅपटॉपवर करायला लावा.

दुसरी गफलत सुट्ट्यांची. ऑनलाइन वर्ग शाळेच्या कॅलेंडरने चालत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये प्रेसिडेंट्स डेच्या आठवड्यात सुट्टी असते, एप्रिलमध्ये पेट्रियट्स डेच्या आठवड्यात पुन्हा. पण वर्गातली बाकीची मुलं दुसऱ्या राज्यांत शाळेतच असतात. कोर्सचं कॅलेंडर पहिल्या दिवशी छापून फ्रिजवर लावा. डिसेंबरात भारतात जाणाऱ्यांनी तर ते तिकीट काढण्याआधी पाहायला हवं. पहिल्या सत्राची अखेर त्या सहलीला लागूनच येते. हिवाळ्यात भारत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ईस्टर्न वेळेच्या साडेदहा तास पुढे असतो, म्हणजे मंगळवारी रात्री ११:५९ ची मुदत पुण्यात बुधवारी सकाळी १०:२९ ला संपते. प्रवासाच्या तारखा शिक्षकाला महिनाभर आधी ईमेलने कळवा आणि कोऑर्डिनेटरला सीसीमध्ये ठेवा. ईमेल मुलानेच लिहावा. ऑनलाइन शिक्षक पालकांपेक्षा विद्यार्थ्याकडून आलेल्या निरोपाला आधी उत्तर देतात.

सत्र संपलं की ऑनलाइन शिक्षक टक्क्यांत ग्रेड पाठवतो, आणि शाळा ती आपल्या पट्टीत बसवते. ऑनर्स (वरच्या पातळीचा वर्ग) किंवा एपीचं वेटेज जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरलं जाईल का, हे प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्ट वेगळं ठरवतं.

शाळा सभासदच नसेल तर काही संस्था वैयक्तिक प्रवेशही देतात. तेव्हा फी आपण भरायची आणि क्रेडिट मात्र शाळेने मान्य करायचं, म्हणून पैसे भरण्याआधी लेखी परवानगी घ्या. त्या पत्रात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: कोर्सचं पूर्ण नाव आणि संस्था, किती क्रेडिट मिळणार, ग्रेड जीपीएत धरणार की नुसतं पास-नापास नोंदवणार, आणि पुढच्या वर्षीच्या विषयासाठी तो पूर्वअट म्हणून चालेल का. सही प्रिन्सिपल किंवा काउन्सेलरची. 'बहुतेक चालेल' असं फोनवरचं उत्तर जूनमध्ये काउन्सेलर बदलल्यावर उपयोगी पडत नाही.