विमानात वाचायचे पुस्तक निवडताना

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानाने जायला सुमारे पंधरा-सोळा तास लागतात आणि पुण्याहून निघणाऱ्याला त्याआधीचे द्रुतगती मार्गावरचे तीन-चार तास वेगळे धरावे लागतात. एवढा सलग वेळ पुन्हा कधी मिळणार, या हिशेबाने मी एकदा अप्पा बळवंत चौकातून सातशे पानांचा इतिहासग्रंथ घेऊन सोबत नेला होता. तो परत आला तेव्हा खूण अडतिसाव्या पानावर होती. त्या वेळी मी आपल्या आळसाला दोष दिला. विमानात शरीराचे काय होते हे नंतर वाचल्यावर मात्र लक्षात आले, की चूक निवडीची होती.

विमान अकरा किलोमीटर उंचीवरून उडत असताना केबिनमध्ये हवा दाबून भरलेली असते, परंतु तो दाब जमिनीवरच्या इतका ठेवला तर विमानाच्या सांगाड्यावर फार ताण येईल, म्हणून तो कमीच ठेवतात. नियमाप्रमाणे ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर जेवढा दाब असेल, त्याहून तो खाली जाऊ द्यायचा नसतो. पुणे साधारण १,८५० फुटांवर आहे आणि कळसूबाईचे शिखर ५,४०० फुटांवर. म्हणजे काही विमानांत आपण पट्टा बांधून बसल्या बसल्या कळसूबाईच्या कितीतरी वर, थेट सिमल्याच्या उंचीवर वाचत असतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५०२ जणांना कमी दाबाच्या कक्षात ठेवून वीस तासांच्या प्रवासाची नक्कल केली होती. रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण जास्तीत जास्त ४.४ टक्क्यांनी उतरले, ७,००० ते ८,००० फुटांवर अस्वस्थतेच्या तक्रारी वाढल्या, आणि हा फरक जाणवू लागायला तीन ते नऊ तास लागले. निरोगी माणसाला याने धोका नसतो, पण ज्या पुस्तकात प्रत्येक परिच्छेद आधीच्या परिच्छेदावर उभा आहे, ते वाचायचेच असेल तर पहिल्या दोन-तीन तासांत वाचावे, असे मला वाटते. आता मुंबईहून लांब पल्ल्याची बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात, त्यामुळे तेही तास झोपेशी झगडण्यात जातात, ही गोष्ट वेगळी.

डोळ्यांचे हाल याहून ठळक असतात. बाहेरच्या उणे पन्नास अंशांच्या हवेत बाष्प जवळजवळ नसते आणि तीच हवा आत घेतली जाते, त्यामुळे केबिनमधील आर्द्रता बहुधा १० ते २० टक्क्यांच्या घरात राहते. एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो. वाचताना हे प्रमाण पुष्कळच कमी होते, आणि कोरड्या हवेत डोळ्यांवरचा अश्रूंचा पातळ थर लवकर सुकून अक्षरे धूसर होतात. येथे देवनागरी वाचकाने छपाईकडे विशेष लक्ष द्यायला हवे. आपल्या लिपीत वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर जातात, तर उकार आणि ऋकार खाली उतरतात. ओळी दाटीने बसवल्या असतील तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला जवळजवळ टेकतो. दिवसाउजेडी हे खटकत नाही, पण डोक्यावरच्या एका लहान दिव्याच्या उजेडात, कोरड्या डोळ्यांनी आणि चाळिशीनंतरच्या नजरेने तेच पान वाचायला घेतले, की एकच ओळ दोनदा वाचली जाते. कागद बचतीसाठी बारीक टाइपात काढलेली आवृत्ती कितीही स्वस्त मिळाली तरी ती विमानासाठी घेऊ नये.

खंडाळ्याच्या घाटात टॅक्सीत पुस्तक उघडले की मळमळते, म्हणून काही जण विमानातही ते उघडत नाहीत. ही भीती बहुतांशी अनाठायी आहे, कारण अंतःकर्णाला वेग नव्हे तर वेगातला आणि दिशेतला बदल कळतो, आणि एकसारख्या गतीने उडणाऱ्या विमानात असा बदल फारसा होत नाही. विमानाला हिसके बसू लागले, की मात्र पुस्तक मिटावे.

आवाजाचेही असेच आहे. इंजिनाची एकसुरी घरघर मोठी असली तरी कान तिला सरावतात. वाचनात खरा अडथळा आणते ते समजणाऱ्या भाषेतले बोलणे, कारण मेंदू त्याचा अर्थ लावल्यावाचून राहत नाही. परक्या भाषेतल्या घोषणेपेक्षा मागच्या रांगेत मराठीतून चाललेली लग्नाच्या याद्यांची चर्चा अधिक महागात पडते. त्यातच जेवणाची गाडी येते, शेजारी उठतो, आणि प्रत्येक वेळी तुटलेला धागा जुळवावा लागतो. म्हणून कथासंग्रह आणि ललित लेख येथे बहुपात्री कादंबरीपेक्षा सरस ठरतात.

किती पाने न्यावीत, याचा हिशेब घरी करता येतो. १९० अभ्यासांचा आढावा घेऊन २०१९ मध्ये काढलेल्या सरासरीनुसार इंग्रजीतील ललितेतर मजकूर मनात वाचण्याचा वेग मिनिटाला २३८ शब्द आहे. हा आकडा मराठीला जसाच्या तसा लावता येत नाही, कारण ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हा आपल्याकडे एकच शब्द असतो. त्यापेक्षा घड्याळ लावून दहा मिनिटे वाचावे. सहा पाने झाली, तर प्रत्यक्ष हाती लागणाऱ्या पाच तासांत १८० पाने होतील.

झोपायचे असेल तर पडद्यावरचे वाचन टाळावे. अमेरिकेत बारा जणांवर केलेल्या एका प्रयोगात झोपण्यापूर्वी चार तास प्रकाशमान पडद्यावर वाचणाऱ्यांना, कागदावर वाचताना लागे त्यापेक्षा सुमारे दहा मिनिटे उशिरा झोप लागली आणि त्यांच्या शरीरातील मेलाटोनिनही घटले.

हल्ली मी दुकानाबाहेरच्या पदपथावर, रिक्षांच्या भोंग्यांत आणि गाइडांचे भाव विचारणाऱ्या गर्दीत उभा राहून पुस्तकाचे मधलेच एखादे पान वाचून पाहतो. गेल्या खेपेला या परीक्षेत तीन पुस्तके नापास झाली. पास झाला तो आदल्या वर्षीचा एक दिवाळी अंक, आणि तोही निम्म्या किमतीत मिळाला.