टेन्स आणि आयएफटी: कमरेला लावायचे दोन वेगळे करंट

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर कुणी फिजिओथेरपी घेऊन आलं की म्हणतं, "कमरेला करंट लावून आलो." कुठला करंट, ते कुणी विचारत नाही. आम्हीही विचारलं नव्हतं. काजूच्या मोसमात वाकून बोंडं वेचता वेचता आईची कंबर धरली, ती वर्ष झालं तरी सुटली नाही. वाळपईच्या क्लिनिकात दहा दिवस आयएफटी (इंटरफेरेन्शियल थेरपी, म्हणजे एकमेकांना छेदणाऱ्या दोन करंटांचा उपचार) घेतल्यावर तिला बरं वाटलं. रोजची बस नको म्हणून आम्ही खिशात मावणारं टेन्सचं यंत्र आणलं. दुकानदार म्हणाला, "तेच हे, फक्त लहान." ते तेच नव्हे.

टेन्स म्हणजे कातडीवरून नसांना विजेने चाळवणं; हे यंत्र बॅटरीवर चालतं. साधारणपणे दोन पॅड दुखऱ्या भागाच्या आजूबाजूला चिकटवतात आणि कमी वारंवारतेचे विजेचे ठोके कातडीतून नसांपर्यंत जातात. सेकंदाला ८० ते १२० ठोके ठेवले की मुंग्या आल्यासारखं वाटतं. कुठे आपटलं की आपण तिथे चोळतो आणि कळ जरा दबते, हेही तसंच. स्पर्श नेणाऱ्या जाड नसा जाग्या झाल्या की मज्जारज्जूत वेदनेची वाट अडते, हा सिद्धांत मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ साली मांडला. ठोके दोन-चारवर आणले तर स्नायू थडथडतो आणि शरीर स्वतःची वेदनाशामकं सोडतं, असं मानतात.

आयएफटीची करामत मला जास्त आवडते. कमी वारंवारतेच्या विजेला कातडी बराच विरोध करते, जास्त वारंवारतेच्या विजेला कमी. म्हणून इथे सेकंदाला ४,००० आवर्तनांच्या आसपासचा प्रवाह वापरतात. पण इतक्या जलद लयीला नस ठोक्याला ठोका देऊ शकत नाही. मग चार पॅड फुलीसारखे लावून दोन प्रवाह सोडतात, एक ४,००० चा आणि दुसरा, समजा, ४,१०० चा. दोन्ही एकमेकांना छेदतात तिथे फरकाचे १०० ठोके तयार होतात. भजनाआधी तंबोरा लावताना दोन तारा किंचित चुकल्या की आवाज लाटेसारखा चढतो-उतरतो ना, अगदी तेच. १९५० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या हान्स नेमेक यांनी ही पद्धत पुढे आणली. यंत्र बहुधा मोठं असतं, घरातल्या विजेवर चालतं, आणि पॅड कुठे लावायचे याला फार महत्त्व, म्हणून ते क्लिनिकातच बरं.

आईने घरी पहिल्या दिवशी खोबरेल चोळलेल्या कमरेवरच पॅड लावले. एक कड सुटली, उरलेल्या टोकाशी करंट सुईसारखा टोचला, आणि ती किंचाळली, "काढ गो हे!" कातडी साबणाने धुऊन कोरडी करायची, मगच पॅड, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता महत्त्वाचं. दोन्हींपैकी एकही मणका किंवा मणक्यांमधली गादी दुरुस्त करत नाही. कुठले उपचार द्यावेत ते सुचवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी दोन्ही देऊ नयेत असं सांगितलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ साली जुनाट कंबरदुखीच्या नेहमीच्या उपचारात टेन्स नको म्हटलं. मी आईचं यंत्र काढून घेतलेलं नाही. तिला तेवढा वेळ उसंत मिळते, आणि त्या उसंतीत ती देवळापर्यंत चालून येते, फिजिओने शिकवलेले व्यायाम करते. नुसतं यंत्र लावून पडून राहिली असती तर मी नक्की भांडले असते.

पेसमेकर असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदरपणी कमरेवर-पोटावर नको, कॅन्सरच्या जागेवर नको, बधिर किंवा जखमी कातडीवरही नको. आणि लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, मांड्यांमधला भाग बधिर झाला, पाय लुळा पडू लागला, तर पॅड शोधत बसू नका, तडक बांबोळीचं सरकारी मोठं इस्पितळ गाठा.