मेमरी संरक्षण

मेमरी संरक्षण : एकाच संगणकावर एकत्र चालणाऱ्या प्रोग्रॅमांना एकमेकांच्या आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीला हात लावू न देणारी प्रोसेसरमधली व्यवस्था. तिच्यामुळे प्रत्येक चालू प्रोग्रॅम, म्हणजे प्रोसेस, आपल्या हद्दीत राहते. यालाच प्रोसेस विलगीकरण म्हणतात.

दारावरच्या पहारेकऱ्याची उपमा इथे नेहमी दिली जाते. ती अपुरी आहे. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्यासाठी जमिनीत पेवे खणत. समजा, प्रत्येक अडत्याची वही वेगळी आणि प्रत्येक वहीत पेवांचे आकडे एकपासूनच सुरू. एकाचे ‘पेव ५’ नदीकडचे, तर दुसऱ्याचे ‘पेव ५’ देवळामागचे. हमाल समोरच्या वहीवरूनच माल काढणार. मग दुसऱ्याची हळद चोरणे दूरच, ती मागायलाही या वहीत आकडा नाही.

प्रोसेसरमध्ये या वहीला पेज टेबल म्हणतात आणि हमालाचे काम एमएमयू (मेमरी मॅनेजमेंट युनिट) हा घटक करतो. प्रोग्रॅम वापरतो तो पत्ता आभासी. खऱ्या मेमरीतली जागा पेज टेबलवरून ठरते. ‘फक्त वाचा’, ‘लिहा’, ‘कर्नलसाठी राखीव’ अशा खुणाही तिथेच असतात. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. टेबल बदलण्याचा अधिकार फक्त त्यालाच असतो, आणि सगळी मेख यातच आहे : वही अडत्याच्याच हाती दिली तर उरते काय? नोंद नसलेल्या पत्त्याला हात घातला की प्रोसेसर काम थांबवून कर्नलला बोलावतो. सी भाषेत पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, चुकवणाऱ्या विद्यार्थ्याला लिनक्सवर दिसणारा ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ तो हाच.

मँचेस्टरच्या ॲटलस संगणकात १९६२ साली आभासी पत्ते आले. आयबीएमच्या सिस्टिम/३६० मालिकेत (१९६४) वेगळी युक्ती होती : २,०४८ बाइटच्या प्रत्येक तुकड्याला चार बिटांची किल्ली. इंटेलच्या ८०८६मध्ये (१९७८) असे काहीच नव्हते. म्हणून डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरचा एक बिघडलेला प्रोग्रॅम सगळे यंत्र गोठवू शके. ८०२८६ने (१९८२) संरक्षित मोड आणला, तर ८०३८६ने (१९८५) ४,०९६ बाइटची पाने, म्हणजे मेमरीचे ठराविक आकाराचे तुकडे. उपकरणांत बसवलेल्या लहान मायक्रोकंट्रोलर चिपांत पत्त्यांचे भाषांतर नसते, नुसत्या हद्दी तपासल्या जातात. पहारेकऱ्याची उपमा तिथे मात्र चपखल बसते.

२००५च्या महापुरात हरिपूरच्या अनेक पेवांत पाणी शिरले. वह्या चोख होत्या, पण जमीन एकच होती. जानेवारी २०१८मध्ये उघड झालेला मेल्टडाउन हा दोष याच जातीचा. वेग वाढवण्यासाठी प्रोसेसर पुढच्या सूचना अंदाजाने आधीच चालवून ठेवतो. त्या भरात परवानगीचा निकाल लागण्यापूर्वीच कर्नलची माहिती वाचली जाई. वाचन नंतर रद्द होई, पण कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या जलद मेमरीत, माग राही, आणि कोणता पत्ता लवकर उत्तर देतो हे मोजून ती माहिती ओळखता येई. उपाय म्हणून प्रोसेसच्या पेज टेबलमधून कर्नलची जवळपास सगळी पाने काढून टाकण्यात आली. त्यामुळे हा दोष असलेल्या प्रोसेसरांवर कर्नलकडे जाताना-येताना दर वेळी वही बदलावी लागते, आणि तेवढा वेग कमी होतो.