तिमोर-लेस्ते: राष्ट्रउभारणी आणि समेटाचे प्रयत्न

आग्नेय आशियातील तिमोर बेटाचा पूर्व भाग, इंडोनेशियातील पश्चिम तिमोरच्या किनाऱ्यावर एकटा पडलेला ओएकुसी हा प्रदेश आणि आताउरो व जाको ही लहान बेटे मिळून झालेला देश. क्षेत्रफळ सुमारे १५,००० चौ. किमी., लोकसंख्या १३ लाखांच्या वर, ‘दिली’ हे राजधानीचे शहर. २० मे २००२ रोजी स्वतंत्र झालेला हा एकविसाव्या शतकातील पहिला नवा देश. पोर्तुगीज अमदानीत या दूरच्या बेटाचा कारभार १८४४ पर्यंत गोव्याच्या अखत्यारीत होता.

पोर्तुगीज निघून जात असताना २८ नोव्हेंबर १९७५ रोजी फ्रेटिलिन या पक्षाने स्वातंत्र्य जाहीर केले. नऊ दिवसांनी, ७ डिसेंबरला, इंडोनेशियाचे सैन्य दिलीत उतरले. पुढची चोवीस वर्षे ‘फालिंटिल’ या सशस्त्र दलाचे बंडखोर डोंगरात लढत राहिले आणि सामान्य माणसे त्याची किंमत मोजत राहिली. २००१ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधन आयोगाच्या हिशेबानुसार १९७४ ते १९९९ या काळात संघर्षामुळे किमान १,०२,८०० माणसे मेली. त्यांपैकी १८,६०० जणांचा खून झाला किंवा ते बेपत्ता झाले. बाकीचे भुकेने आणि आजाराने गेले. जबरदस्तीने हलवलेली गावे आणि हातची गेलेली शेती या आकड्यामागे आहे.

३० ऑगस्ट १९९९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली सार्वमत झाले. जवळपास ९८ टक्के मतदारांनी मतदान केले आणि ७८.५ टक्के लोकांनी इंडोनेशियांतर्गत स्वायत्ततेचा प्रस्ताव नाकारला. निकाल लागताच इंडोनेशियन लष्कराने पोसलेल्या सशस्त्र टोळ्यांनी गावेच्या गावे पेटवली. त्या वर्षीच्या हिंसेत सुमारे १,४०० माणसे मारली गेली, अडीच लाख लोक सीमेपलीकडे पश्चिम तिमोरमध्ये गेले किंवा नेले गेले आणि देशातील सुमारे ७० टक्के इमारती व सोयी उद्ध्वस्त झाल्या. २० सप्टेंबरला ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालील ‘इंटरफेट’ या आंतरराष्ट्रीय फौजा आल्या, तेव्हा राखेखेरीज फारसे काही शिल्लक नव्हते.

२५ ऑक्टोबर १९९९ रोजी सुरक्षा परिषदेने या भूमीचा संपूर्ण कारभार संयुक्त राष्ट्रांच्या संक्रमणकालीन प्रशासनाकडे दिला. कायदे करणे, कर बसवणे, न्यायालये चालवणे हे सारे अधिकार प्रशासक सर्जिओ व्हिएरा द मेलो यांच्या हाती आले. इतकी सत्ता हाती असली तरी माणसे कुठून आणायची हा प्रश्न होता. इंडोनेशियन राजवटीत एकाही तिमोरी माणसाला न्यायाधीश केले गेले नव्हते. कायद्याची पदवी घेतलेले स्थानिक लोक शोधण्यासाठी शेवटी विमानांतून पत्रके टाकावी लागली. पहिल्या आठवड्यात सतरा जण सापडले, दोन महिन्यांत साठेक. त्यांच्यातूनच जानेवारी २००० मध्ये पहिल्या न्यायाधीशांनी शपथ घेतली. पुढे पोर्तुगीज आणि तेतुम ही स्थानिक भाषा या राजभाषा झाल्या. कायदे मात्र बहुतांशी पोर्तुगीजमध्ये लिहिले गेले. फिर्यादी, आरोपी आणि पुष्कळदा वकीलही ती भाषा नीट जाणत नव्हते. न्यायव्यवस्थेचे पाय यामुळे वर्षानुवर्षे लटपटत राहिले.

त्याच काळात गावागावांत निराळ्या वाटेने काम चालू होते. वर उल्लेखलेला सत्यशोधन आयोग, म्हणजे ‘सत्य, स्वीकार आणि समेट आयोग’, २००१ मध्ये कायद्याने स्थापन झाला आणि त्याने दिलीतील बालिदेचा जुना तुरुंग आपल्या कचेरीसाठी निवडला. ज्या कोठड्यांत कैद्यांना कोंडले जाई, त्यांच्या भिंतींवर कैद्यांनी कोरलेला मजकूर जपून ठेवण्यात आला. ही निवड मला आयोगाच्या कोणत्याही ठरावाइतकीच बोलकी वाटते.

आयोगाने गावपातळीवरच्या समेटासाठी ‘नाहे बिती बोट’ या जुन्या रिवाजाचा आधार घेतला. ‘बिती’ म्हणजे चटई; मोठी चटई अंथरायची असा या शब्दांचा अर्थ. गावातले सगळे जमतात, मध्ये चटई पसरली जाते, पान-सुपारी फिरते. ‘लिया नाइन’ म्हणजे शब्दांचे धनी, परंपरा मुखोद्गत असणारे वडीलधारे, पूर्वजांना साक्षी ठेवून सुरुवात करतात. मग ज्याने घर जाळले, गुरे मारली, शेजाऱ्याला मारहाण केली, तो सर्वांसमोर काय केले ते सांगतो. ज्यांचे नुकसान झाले ते समोर बसलेले असतात आणि त्यांना प्रश्न विचारता येतात. घर तूच पेटवलेस का? तुला कोणी पाठवले? सुनावणी कधी दिवस मावळेपर्यंत चाले. तोडगा निघेपर्यंत चटई गुंडाळायची नाही असा संकेत आहे. शेवटी काय भरपाई करायची ते ठरते: माफी, गावासाठी काही दिवसांचे श्रमदान, एखादे जनावर. झालेला करार जिल्हा न्यायालयात नोंदवला जाई. तो पाळला की त्या कृत्यांसाठी पुन्हा खटला नाही. खून, बलात्कार, संघटित हिंसाचार यांना ही वाट मोकळी नव्हती. प्रत्येक कबुलीजबाब आधी सरकारी अभियोक्त्याच्या नजरेखालून जाई. अशा रीतीने १,३७१ जणांनी प्रक्रिया पूर्ण केली. पश्चिम तिमोरमधून भीतभीत परतलेल्या माणसाला आपल्या गावात पुन्हा राहता येणे, ही या चटईची खरी कमाई होय.

मोठे गुन्हेगार मात्र चटईवर आले नाहीत आणि कोर्टातही नाहीत. गंभीर गुन्ह्यांसाठी नेमलेल्या विशेष न्यायपीठांनी ८४ जणांना दोषी ठरवले. आरोपपत्रांत जवळपास ४०० नावे होती. त्यांतील बहुतेक जण इंडोनेशियात होते आणि त्या देशाने कोणालाही सोपवले नाही. नव्या सरकारने शेजाऱ्याशी जुळवून घेण्याचा मार्ग धरला. स्वातंत्र्याच्या सोहळ्यात इंडोनेशियाच्या अध्यक्ष मेगावती सुकार्नोपुत्री हजर होत्या आणि शनाना गुस्मांव यांनी त्यांचे स्वागत केले. इंडोनेशियाच्या तुरुंगात वर्षे काढलेला हा नेता आता राष्ट्राध्यक्ष होता. त्यांची अडचण समजण्यासारखी आहे, पण ज्यांची माणसे गेली त्यांच्या वाट्याला न्याय आला नाही हेही तितकेच खरे. आयोगाचा अडीच हजारांहून अधिक पानांचा अहवाल २००५ मध्ये सादर झाला. त्याचे नाव ‘शेगा!’, म्हणजे ‘बस्स, पुरे!’ त्यातील पीडितांच्या भरपाईची शिफारस पुढे संसदेत रेंगाळत राहिली.

राज्ययंत्रणेला पहिला मोठा तडा तिच्याच सशस्त्र दलांनी दिला. फालिंटिलमधील ६५० लढवय्ये नव्या लष्करात घेतले गेले. शेवटपर्यंत तगलेले बंडखोर बहुतांशी देशाच्या पूर्वेकडचे असल्याने वरच्या जागाही त्यांच्याकडे गेल्या. पोलीस दलात इंडोनेशियन पोलिसांत नोकरी केलेले काही जण आले. २००६ च्या आरंभी देशाच्या पश्चिमेकडील सैनिकांनी भेदभावाची तक्रार केली. जवळपास ६०० जणांना मार्चमध्ये बडतर्फ करण्यात आले. एप्रिल-मे महिन्यांत दिलीत लष्कर आणि पोलीस एकमेकांवर उठले. २५ मे रोजी संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली निःशस्त्र नेल्या जाणाऱ्या पोलिसांवर सैनिकांनी गोळीबार केला, त्यात आठ जण मेले. सुमारे दीड लाख लोकांनी घरे सोडली. पंतप्रधान मारी आल्कातिरी यांनी राजीनामा दिला आणि परदेशी फौजा पुन्हा आल्या. ११ फेब्रुवारी २००८ रोजी राष्ट्राध्यक्ष जोझे रामोस-होर्ता गोळ्या लागून जबर जखमी झाले. त्यांच्या घरी झालेल्या या चकमकीत बंडखोर नेता आल्फ्रेदो रेनादो ठार झाला.

त्यानंतर शांतता परत आली त्यात तेलाच्या पैशाचा वाटा मोठा आहे. २००५ मध्ये नॉर्वेच्या धर्तीवर पेट्रोलियम निधी स्थापन झाला होता. त्याच्या जोरावर विस्थापित कुटुंबांना घर बांधण्यासाठी ४,५०० डॉलरपर्यंत मदत मिळाली आणि २००९ पर्यंत छावण्या उठल्या. बडतर्फ सैनिकांनाही रक्कम देऊन मार्गी लावले गेले. पैशाने शांतता विकत घेतली असे टीकाकार म्हणतात. पण दिलीच्या विमानतळालगत ताडपत्रीखाली दोन पावसाळे काढलेल्या माणसाला ती टीका कशी पटावी? परत आलेल्या कुटुंबांसाठी गावकऱ्यांच्या बैठकाही झाल्या, कारण ज्याने शेजाऱ्याचे घर बळकावले होते त्याच्याशी पुन्हा भिंतीला भिंत लावून राहायचे होते.

संयुक्त राष्ट्रांची मोहीम २०१२ च्या अखेरीस संपली. ऑस्ट्रेलियाशी सागरी सीमेचा करार ६ मार्च २०१८ रोजी झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिमोर-लेस्ते आसियानचा अकरावा सदस्य झाला, म्हणजे इंडोनेशियाच्या शेजारी बरोबरीने बसला.

एक काम अजून चालू आहे. युद्धाच्या काळात इंडोनेशियात नेली गेलेली हजारो मुले, तेतुममध्ये ‘लाबारिक लाकोन’ म्हणजे हरवलेली मुले, आता पन्नाशीच्या आसपास आहेत. २०१५ पासून त्यांतील काही जण शोध घेऊन गावी परतू लागले आहेत. पुष्कळांची नावे बदललेली असतात, मातृभाषा विसरलेली असते, आणि घरच्यांनी त्यांचे मरण मानून घेतलेले असते.