हवाई अंतर व उड्डाणकाल (सोलापूर–मुंबई)

दोन विमानतळांच्या संदर्भबिंदूंमधील, पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले किमान अंतर म्हणजे हवाई अंतर. सोलापूर (होटगी रस्ता) व मुंबई या विमानतळांत ते सुमारे ३६२ कि.मी. (१९५ सागरी मैल) भरते. लोहमार्गाने हेच अंतर ४५५ कि.मी. आहे, भोर घाट व दौंडचे वळण यांचा त्यात वाटा आहे.

हे अंतर बृहद्वृत्ताच्या, म्हणजे गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पडणाऱ्या वर्तुळाच्या कंसावर मोजतात. गणितासाठी गोलीय त्रिकोणमितीतील कोज्यानियम (कोज्या म्हणजे कोसाइन) पुरेसा वाटतो. पण जवळच्या स्थळांबाबत तो दगा देतो. सोलापूर–मुंबई कंसाचा केंद्रीय कोन जेमतेम सव्वातीन अंश असून त्याची कोज्या ०.९९८४ येते. चार दशांशस्थळांच्या कोष्टकात शेवटच्या आकड्यातील अर्ध्या एककाच्या फरकाने उत्तर पाच-सहा किलोमीटरने हलते. म्हणून नाविकांनी हॅवरसाइन, म्हणजे उत्क्रमज्येची (१ वजा कोज्या) निम्मी किंमत, स्वीकारली. तिचे श्रेय कोणाचे, याबद्दल एकमत नाही. इंग्रजीतील पहिले कोष्टक जेम्स अँड्र्यू यांचे (१८०५) मानले जाते, तर गणितेतिहासकार फ्लोरियन कॅजोरी स्पॅनिश नाविक मेंदोसा इ रिओस यांच्याकडे १८०१ मधील वापराचे श्रेय देतात; नाव मात्र जेम्स इनमन यांनी १८३५ मध्ये रूढ केले. कॅजोरी यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. खुद्द उत्क्रमज्या त्याहून पुष्कळ जुनी असून सूर्यसिद्धांत या प्राचीन भारतीय ज्योतिषग्रंथात तिची मूल्ये येतात. त्या ग्रंथाचा काळ साधारणतः इ. स. चौथे-पाचवे शतक धरतात, पण उपलब्ध पाठ त्यानंतरचा असावा. भारतीय कोष्टकांचा युरोपीय नाविकांच्या पद्धतीशी थेट संबंध जोडण्याचा मोह टाळलेला बरा.

पृथ्वी ध्रुवांशी चपटी असल्याने गोल धरून काढलेल्या अंतरात सुमारे अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक संभवते. येथे ती दोन किलोमीटरच्या आत राहते. सागरी मैल १.८५२ कि.मी. हा १९२९ मध्ये मोनॅको येथील परिषदेत ठरला.

उड्डाणकाल अंतराइतका निश्चित नसतो. एटीआर जातीचे (पंख्यांचे छोटे) विमान ताशी सुमारे ५०० कि.मी. वेगाने हा पल्ला ४३ मिनिटांत, तर जेट विमान ताशी ८०० कि.मी. वेगाने २७ मिनिटांत कापेल. हा हिशेब केवळ कागदावरचा. वेळापत्रकातील काळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढ-उतार व मुंबईच्या आकाशातील प्रतीक्षा धरतात. छोट्या पल्ल्यावर वेगवान विमानाचा फायदा यातच बराचसा विरतो. हिवाळ्यात वरच्या थरांतील वारे पश्चिमेकडून वाहतात. सोलापूरकडे येताना ते पाठीशी, तर मुंबईकडे जाताना समोर असतात.

सोलापुरात किंगफिशर या विमानकंपनीची सेवा काही काळ होती. पुढे सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती चिमणीच्या अडथळ्याचा वाद बराच चालला. ती जून २०२३ मध्ये पाडण्यात आली. नूतनीकृत विमानतळाचे उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ रोजी झाले. जून २०२५ मध्ये गोव्यातील मोपा (हवाई अंतर सुमारे ३०५ कि.मी.) व ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई येथे सेवा सुरू झाल्या. सोलापूरजवळील बोरामणी येथील नियोजित विमानतळ झाल्यास संदर्भबिंदू बदलून वरील आकडे नव्याने काढावे लागतील.