स्ट्रिंग विभाजन

स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या सलग साखळीत, ठरावीक चिन्ह जिथे जिथे येईल तिथे तिथे ती तोडून तुकड्यांची क्रमवार यादी मिळवण्याची क्रिया. या चिन्हाला विभाजक म्हणतात. स्वल्पविराम, टॅब, कोलन आणि उभी रेघ हे नेहमीचे विभाजक. विभाजक स्वतः सहसा तुकड्यांत उरत नाही. ‘अमळनेर,चाळीसगाव,पारोळा’ ही स्ट्रिंग स्वल्पविरामावर तोडली की जळगाव जिल्ह्यातल्या तीन तालुक्यांची यादी हाती येते. इथपर्यंत सगळ्या प्रोग्रॅमिंग भाषांचे एकमत आहे.

उगम : या क्रियेचे मूळ कोणत्या भाषेत मानावे याबद्दल एकवाक्यता नाही. एक मत स्नोबोलकडे बोट दाखवते. डेव्हिड फार्बर, राल्फ ग्रिसवोल्ड आणि इव्हान पोलोन्स्की यांनी १९६२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये ही भाषा रचली. तिच्या पुढच्या आवृत्तीत, स्नोबोल ४ मध्ये, ‘ब्रेक’ हा नमुना दिलेल्या चिन्हापर्यंतचा मजकूर उचलतो. मात्र तुकड्यांची यादी आपोआप मिळत नाही. तीच कृती पुन्हापुन्हा करणारा फेरा (लूप) प्रोग्रॅमरनेच लिहायचा असतो. दुसरे मत कोबोलच्या बाजूचे आहे. १९७४ च्या कोबोल मानकात ‘अनस्ट्रिंग’ हे विधान आले. विभाजक कोणता हे त्यात ‘डिलिमिटेड बाय’ या शब्दांनी सांगावे लागते. लागोपाठ आलेले विभाजक एकच धरायचे असतील तर ‘ऑल’ जोडायचे. मधली रिकामी जागा मोजायची की गाळायची हा पुढे पन्नास वर्षे पुरलेला वाद तेव्हाच ओळखला गेला होता, असे या एका शब्दावरून म्हणता येते. मर्यादा एवढीच की तुकडे ज्यांत ठेवायचे ती नावे आधीच घोषित करावी लागतात. तिसरे मत ऑकचे. आहो, वाइनबर्गर आणि कर्निगन यांच्या १९७७ च्या या भाषेत प्रत्येक ओळ आपोआप रकान्यांत मोडते. युनिक्स या कार्यप्रणालीच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील ऑकमध्ये ‘स्प्लिट’ हे फलन (फंक्शन) त्याच नावाने आढळते. किती तुकडे पडतील हे आधी ठाऊक नसताना ते सगळे एका ॲरेत, म्हणजे क्रमवार यादीत, भरणे, हा आजचा अर्थ ऑकशी अधिक जुळतो. कोबोलचा उल्लेख सहसा मागे पडतो, याचे कारण हा इतिहास बहुतेक वेळा युनिक्सच्या अंगणातून सांगितला जातो. १९८७ च्या पर्लने स्प्लिट ऑककडून उचलले आणि पुढच्या भाषांत ते मुख्यतः तिथून पसरले, असे मानण्यास हरकत नाही. पीएचपीत याच कामाला ‘एक्सप्लोड’ म्हणतात.

रिकामा तुकडा : ‘अमळनेर,चाळीसगाव,,पारोळा,’ या स्ट्रिंगमध्ये मध्ये एक रकाना रिकामा आहे आणि शेवटी एक स्वल्पविराम लोंबतो आहे. पायथन, जावास्क्रिप्ट, गो आणि पीएचपी तिचे पाच तुकडे करतात. जावा, पर्ल आणि रुबी शेवटचा रिकामा तुकडा टाकून देतात, मधला ठेवतात, म्हणून चार. स्विफ्टची मूळ पद्धत दोन्ही गाळते, तीन. सी भाषेतले ‘स्ट्रटोक’ही तीनच देते. शिवाय ते विभाजकाच्या जागी शून्य मूल्याचा बाइट लिहून मूळ स्ट्रिंग बिघडवते आणि कुठवर वाचले ती जागा स्वतःजवळ लपवून ठेवते. त्यामुळे बाहेरच्या फेऱ्यात ओळी आणि आतल्या फेऱ्यात रकाने तोडायला गेले की बाहेरचा फेरा भरकटतो. पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकातील ‘स्ट्रटोक-आर’ हा त्यावरचा उपाय.

रकाने तोडणे आणि शब्द तोडणे या मुळात दोन वेगळ्या क्रिया आहेत. गो भाषेने त्यांना दोन नावे दिली, अनुक्रमे ‘स्प्लिट’ आणि ‘फील्ड्स’, हे अधिक स्वच्छ वाटते. पायथनमध्ये नाव एकच, विभाजक दिला तर रकाने तुटतात, न दिला तर मोकळ्या जागेवर शब्द. त्यामुळे रिकामी स्ट्रिंग विभाजक न देता तोडली तर शून्य तुकडे मिळतात आणि स्वल्पविराम देऊन तोडली तर एक, तोही रिकामा.

मर्यादा : ‘रावेर,यावल,भुसावळ,जामनेर’ या स्ट्रिंगला २ ही मर्यादा दिली, तर पायथन दोनदा तोडून तीन तुकडे देते. जावा, पर्ल आणि पीएचपीत एकूण तुकडेच दोन. ‘यावल,भुसावळ,जामनेर’ अखंड राहते. जावास्क्रिप्ट पहिले दोन ठेवून बाकीचे चक्क टाकून देते.

जावात विभाजक हा साधा मजकूर नसून नियमित पदावली (रेग्युलर एक्स्प्रेशन), म्हणजे मजकुराचा नमुना सांगणारे सूत्र, मानला जातो. तिच्यात टिंबाचा अर्थ ‘कोणतेही अक्षर’ असा होतो. ‘मु.पो.फैजपूर’ टिंबावर तोडू गेल्यास प्रत्येक अक्षरच विभाजक ठरते, सगळे तुकडे रिकामे निघतात, शेवटचे रिकामे म्हणून गाळले जातात आणि हाती शून्य तुकड्यांचा ॲरे पडतो.

देवनागरी मजकूर : यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड या सर्व लिप्यांच्या संकेतसंचातली अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत, स्वल्पविरामाचा बाइट दुसऱ्या कोणत्याही अक्षराच्या पोटात येत नाही, म्हणून त्यावर मराठी मजकूर बिनधोक तुटतो. दंडाचे तसे नाही. ‘।’ हे चिन्ह तीन बाइटचे आहे आणि स्ट्रटोक त्यातला प्रत्येक बाइट स्वतंत्र विभाजक धरते. पहिला बाइट देवनागरीच्या सगळ्याच अक्षरांना सामाईक असल्याने ओवी चरणांत तुटायच्या ऐवजी तिचा भुगा होतो.

‘शब्दात न बसणारे चिन्ह’ या पदावलीवर तोडणेही असेच घातक. पायथनच्या अंगभूत पदावलीत काना, मात्रा, उकार अशी चिन्हे आणि हलन्त शब्दाचा भाग मानले जात नाहीत. त्यामुळे ‘धुळे’चे ‘ध’, ‘ळ’ आणि एक रिकामा असे तुकडे पडतात. अहिराणीत ‘करी ऱ्हायना’ सारखी रूपे पदोपदी येतात. त्यातल्या ‘ऱ्हायना’चे ‘ऱ’, ‘ह’, ‘यन’ आणि पुन्हा एक रिकामा असे होते. अहिराणी शब्दसूची करणाऱ्याने मोकळ्या जागेवरच तोडावे आणि विरामचिन्हे नंतर झाडावीत. जावास्क्रिप्टमध्ये रिकामा विभाजक दिल्यास ‘जळगाव’चे पाच तुकडे होतात, कारण काना सुटा पडतो. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला.

खान्देशातील नोंदी : पत्त्यातले स्वल्पविराम कमीजास्त असतात. कुणी गल्ली लिहितो, कुणी मारुती मंदिराजवळ. तालुका आणि जिल्हा मात्र शेवटी येतात, म्हणून उजवीकडून दोनदा तोडणे सोयीचे. पायथनमध्ये त्यासाठी ‘आरस्प्लिट’ आहे. मिळालेला जिल्हा वर्षाशी ताडून पाहावा लागतो. १९०६ मध्ये खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तर १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. शहाद्याच्या जुन्या पत्त्यात ‘जि. धुळे’च सापडेल.

केळीच्या किंवा कापसाच्या हिशेबात ‘१,२५,०००’ अशी रक्कम आली की नुसते विभाजन एकाचे तीन रकाने करते. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या फाइलींचे वर्णन करणाऱ्या २००५ च्या आरएफसी ४१८० या दस्तऐवजात असा रकाना दुहेरी अवतरणात ठेवण्याची रीत नोंदली आहे. ती पाळणारी फाइल स्प्लिटने न तोडता सीएसव्ही वाचकाकडे द्यावी.

कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर हा वेगळाच प्रकार. तिथे ‘ए’ हे अक्षर स्वल्पविरामाच्या संकेतांकावर बसवलेले असते आणि ‘य’ अर्धविरामाच्या. तालुक्यांची अशी यादी स्वल्पविरामावर तोडली तर एरंडोलचे पहिले अक्षरच विभाजक ठरून नाहीसे होते. अर्धविरामावर तोडली तर तीच गत यावलची. आधी युनिकोडमध्ये रूपांतर आणि मग विभाजन, हाच क्रम ठेवावा लागतो.